सोवळ्यातला फोटो

मी बारीक कधीच नव्हते. नागपूरच्या शाळेत खो-खोच्या संघात मला कोणी घेतलं नाही आणि रस्सीखेचीत मात्र न विचारता माझं नाव घातलं, एवढं सांगितलं की पुरे. वजनाचा आकडा मी इथेही लिहिणार नाही. ज्यांना तो हवाच असतो ते माझ्याकडे बघून आपला आपण ठरवून टाकतात.

ही गोष्ट २००५ सालची. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला राहत होतो. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगच्या टीममध्ये होते. हॉस्पिटलांसाठी लागणारं सॉफ्टवेअर तिथे तयार व्हायचं आणि ते बाहेर जाण्याआधी त्यातल्या चुका शोधून काढणं हे आमचं नऊ जणांचं काम. चुका शोधण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. हे मी म्हणत नाही, दर वर्षीच्या माझ्या रिव्ह्यूत लिहिलेलं असायचं. नवरा सिव्हिल इंजिनिअर, पण तो माझ्या व्हिसावर आलेला, त्यामुळे त्याला कायद्यानं नोकरी करता येत नव्हती. तो स्वयंपाक करायचा, मुलीला शाळेत सोडायचा, आणि देशातून कोणाचा फोन आला की 'सध्या जरा ब्रेक घेतलाय' म्हणून सांगायचा. कंपनीनं आमचा ग्रीनकार्डाचा अर्ज केलेला होता आणि तो रांगेत होता. माझी नोकरी गेली की व्हिसा जाणार आणि रांगेतली जागाही जाणार. दुसरी कंपनी धरली तरी पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहायचं. आमचं सगळं घर त्या एका नोकरीवर उभं होतं, आणि हे घरात आम्ही कोणी मोठ्यानं बोलत नसू.

आमचे डायरेक्टर मराठी होते. तीस वर्षांपूर्वी इथे आलेले, मोठं घर, घरी दीड दिवसाचा गणपती. आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा विमानतळावर आम्हाला घ्यायला तेच आले होते. पहिले चार दिवस आम्ही त्यांच्याकडेच राहिलो, काकूंनी मुलीला भात भरवला. ऑफिसात इथल्या पद्धतीप्रमाणे सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारत, मीही मारायची. घरी ते काका. यातलं कधी काय व्हायचं ते तेच ठरवत. इंग्रजीत बोलत असले की साहेब, मराठीत शिरले की काका. ते काका झाले की उलट बोलायचं नाही, असा नियम कोणी घालून दिलेला नव्हता, पण मी तो कधी मोडलाही नव्हता.

माझ्या समोरच्या क्यूबमध्ये, म्हणजे अर्ध्या भिंतींच्या कप्प्यात, बसणारा सहकारी सोलापूरचा. त्याची आणि माझ्या नवऱ्याची दोस्ती होती, त्या नात्यानं तो मला वहिनी म्हणायचा आणि मी त्याला भाऊजी. आधी थट्टेत, मग सवयीनं. आमच्याकडे एकच गाडी आणि ती मुलीच्या शाळेसाठी नवऱ्याला लागायची, म्हणून रोज सकाळी भाऊजी मला घेऊन ऑफिसला जायचा. तोही अंगानं चांगला दणकट. पोट माझ्यापेक्षा चार बोटं पुढेच. आम्ही दोघं पुढे बसलो की त्याची छोटी गाडी भरून जायची. "वहिनी, डबा मांडीवरच ठेवा," तो म्हणायचा, "मागे ठेवला तर टायर राजीनामा देतील." दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. त्याचं मला कधी लागलं नाही, कारण तो त्यात स्वतःला धरून बोलायचा.

मार्चमध्ये आम्हाला सगळ्यांना एका खोलीत बोलावून सांगितलं की वर्षअखेरपर्यंत टेस्टिंगचं काम पुण्याच्या ऑफिसात जाणार. इथे एकच जागा राहील, लीडची. लीडनं हॉस्पिटलांत जायचं, तिथल्या लोकांना काय अडतं ते समजून घ्यायचं आणि पुण्याकडून काम करून घ्यायचं. नऊ जणांत ते काम कोणाला येतं हे सगळ्यांना माहीत होतं. खोलीतून बाहेर पडताना भाऊजीच म्हणाला, "चला, वहिनींचं तरी झालं. आता आम्ही बघतो आमचं." मी उगाच 'बघू, बघू' केलं. मनातून मी सुटले होते.

पंधरा दिवसांनी डायरेक्टरांनी मला आत बोलावलं. "कम इन, कम इन," म्हणाले, दार लावून घेतलं, आणि मग म्हणाले, "बस गं."

मराठी सुरू झालं, म्हणजे आता काका.

"हे बघ, तुला मुलीसारखं सांगतो," ते म्हणाले. "तुझं काम फर्स्ट क्लास आहे. त्यात वादच नाही. पण ही कस्टमरसमोर जायची पोस्ट आहे. हॉस्पिटलवाले लोक. हेल्थचं सगळं. तिथे आपण कसे दिसतो याला महत्त्व असतं. आणि दर आठवड्याला विमानप्रवास, तो तुला झेपायचा नाही. तू जरा स्वतःकडे बघ. कालच काकू म्हणत होती, पोरीनं अंगाकडे लक्षच दिलं नाही."

मला खूप काही बोलता आलं असतं. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं आणि मी रोज जिन्यानं चढत होते. विमानात मी नागपूरपर्यंत बसून गेले होते आणि विमान पडलं नव्हतं. मी मान खाली घातली आणि म्हणाले, "हो काका."

त्या दोन शब्दांचा मला आजही राग येतो. त्यांच्यापेक्षा जास्त माझाच येतो.

चार दिवसांनी लीडची जागा भाऊजीला दिल्याचा ईमेल आला. तो उठून माझ्या क्यूबपाशी आला आणि उभा राहिला. "वहिनी, मी मागितलं नव्हतं," एवढंच म्हणाला. मी हसून अभिनंदन केलं. संध्याकाळी गाडीत आम्ही दोघंही रेडिओ ऐकत होतो.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चिडला की भांडी जोरात घासतो. बराच वेळ त्यानं भांडी घासली, मग म्हणाला, "ही अमेरिका आहे. इथे असं चालत नाही. इथे प्रत्येक गोष्टीला कायदा आहे." मलाही तसंच वाटत होतं. दर वर्षी ऑफिसात आम्हाला कॉम्प्युटरवर एक ट्रेनिंग करावं लागायचं. वंशावरून, धर्मावरून, वयावरून कोणाशी भेदभाव करायचा नाही, कोणाला काय बोलायचं नाही, मग शेवटी प्रश्न. चार वर्षं मी त्यात पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. त्या यादीत वजन असणारच अशी माझी खात्री होती. ज्या देशात मुलाखतीत लग्न झालंय का हेही विचारू शकत नाहीत, तिथे जाडेपणावरून जागा नाकारता येईल, हे मनात येणंच शक्य नव्हतं. आतून मुलगी आली आणि तिनं विचारलं, "आई, आर वी मूव्हिंग बॅक?" ती तिसरीत होती. नवऱ्यानं तिला 'नो बेटा' म्हणून परत पाठवलं. नळ मात्र त्यानं बंद केला नाही.

शेजारच्या रॅली शहरात एक वकीलबाई भेटली. साठीची, वाळकी, चष्मा नाकावर. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि यादी सांगितली. वंश, रंग, धर्म, मूळ देश, स्त्री की पुरुष, चाळीसच्या पुढचं वय, अपंगत्व. ती थांबली. मी पुढच्याची वाट बघत होते.

"वजन?" मी विचारलं.

"वजन नाही," ती म्हणाली. "राज्यांमध्ये फक्त मिशिगनमध्ये तसा कायदा आहे. काही शहरांत आहे. इथे नाही."

मला लाज वाटली. चार वर्षं पैकीच्या पैकी मार्क मिळवले आणि यादी कधी नीट वाचली नव्हती. जिथे वजन असायला हवं तिथे मी ते आपोआप वाचलं होतं. मिशिगन कुठे आहे हेसुद्धा मला घरी येऊन मुलीच्या नकाशात बघावं लागलं. तिकडे जाऊन तरी काय, रांग पुन्हा पहिल्यापासून, आणि कायदा पुढच्या अपमानासाठी, झालेल्यासाठी नाही.

वकीलबाईनं एक वाट सुचवली. डॉक्टरांकडून माझं वजन हे अपंगत्व आहे असं लिहून आणलं तर बघता येईल, मात्र कोर्टं ते क्वचितच मान्य करतात. मी म्हणाले, मी अपंग नाही. ती म्हणाली, ते मला दिसतंय, मी फक्त वाटा सांगते आहे. आपण धडधाकट आहोत म्हणून काम द्या असं सांगायला गेलेल्या बाईनं आपण धडधाकट नाही असं लिहून आणायचं, हे माझ्या डोक्यात शिरेना. शिवाय ग्रीनकार्डाच्या वेळी मेडिकल असतं. तिथे हा कागद कोणी काढला तर? तशी काही अडचण येणार नाही असं ती म्हणत होती, पण आमच्या लोकांत कागदाची भीती कोणी सांगितलं म्हणून जात नाही.

"तुमचा डायरेक्टर तुमच्याच देशाचा आहे?" तिनं विचारलं.

"हो. माझ्याच भाषेचा. बोलला तेही त्याच भाषेत."

"मग ती वाट बंद." तिनं वहीत रेघ मारली. मग तिनं चष्मा वर केला आणि विचारलं, "ही जागा ज्याला दिली तो पुरुष कसा आहे? बारीक?"

मी म्हणाले, नाही. तो माझ्याहून जाड आहे.

तिथून तिचा चेहरा बदलला. वजनावरून भेदभाव करायला कायद्याची आडकाठी नाही, ती म्हणाली, पण बाईला एक माप आणि पुरुषाला दुसरं, याला आहे. जाड पुरुष चालतो आणि जाड बाई चालत नाही, हे सिद्ध झालं तर तो स्त्री म्हणून केलेला भेदभाव होतो. सरकारी ऑफिसात तक्रार करायला सहा महिने असतात, पण आधी कंपनीला पत्र देऊ, बहुतेक कंपन्या तिथेच नमतात. "मात्र तो तुमच्याइतका किंवा जास्त जाड आहे हे दाखवावं लागेल," ती म्हणाली. "त्याचा एखादा फोटो आहे?"

ऑफिसच्या कपड्यांत भाऊजीचे फोटो होते. सैलसा शर्ट, वर जॅकेट, त्यात काही विशेष कळत नव्हतं. आणि मला नीट आठवलं की कशात कळतं.

आदल्या उन्हाळ्यात त्यानं कॅरीतच घर घेतलं होतं आणि वास्तुशांत केली होती. सोलापूरहून आणलेलं रेशमी सोवळं, खांद्यावर उपरणं, वर उघडा. गुरुजी देवळातून आलेले, ते सांगतील तसं तो साडेतीन तास पाटावर बसून होता. पोट सोवळ्याच्या वर येऊन बसलं होतं, घाम निथळत होता, आणि चेहऱ्यावर इतकं समाधान की मी त्याला तसं कधी बघितलं नव्हतं. त्याच्या उपरण्याची आणि बायकोच्या पदराची गाठ मीच बांधली होती. तिची सासू देशात, आई देशात, म्हणून तिनं मला बोलावलं होतं. प्रसादाचा शिराही मीच केला होता. नंतर फोटोंचा अल्बम इंटरनेटवर टाकून त्यानं आम्हा सगळ्या घरांना लिंक पाठवली होती.

मी तो अल्बम उघडला आणि एक फोटो छापून घेतला. त्यात त्याच्या शेजारी बायको होती, नथ घातलेली. तिचा यात काही संबंध नाही असं म्हणून मी कात्री घेतली आणि तिला कापून काढलं. तिचा हात त्याच्या हाताला लागलेला असतो ना पूजेत, तो पूर्ण निघेना. मनगटापासून पुढची बोटं फोटोत राहिली. आपण केवढं सभ्य वागतोय असं मला त्या वेळी वाटलं होतं, हे आज लिहायलाही जड जातं.

नवऱ्यानं मला एकदाच विचारलं, "त्याला सांगितलंस?" मी म्हणाले, "सांगून काय करू? तो काय स्वतःचं पोट स्वतः मोजून देणार आहे?" त्यानं पुन्हा विचारलं नाही म्हणजे त्याला पटलं, असं मी सोयीनं धरून चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजीच्या गाडीतून ऑफिसला गेले, डबा मांडीवर. फोटोचं पाकीट पर्समध्ये होतं, दुपारच्या सुट्टीत ते वकीलबाईला टपालानं पाठवलं.

वकीलबाईचं पत्र कंपनीला गेल्यावर मला एच.आर.मध्ये बोलावलं. तिथल्या बाईनं डायरेक्टर नेमकं काय म्हणाले ते इंग्रजीत लिहून द्यायला सांगितलं. मी लिहिलं. वाचताना ते इतकं साधं वाटत होतं की मला शंका यायला लागली, खरंच एवढंच म्हणाले होते का? 'मुलीसारखं सांगतो' हे मी लिहिलं, पण त्यातला जो जोर होता तो काही कागदावर उतरला नाही. तिनं विचारलं, ते पुरुषांच्या शरीराबद्दलही बोलतात का? बोलतात, मी म्हणाले. पुरुषाचं पोट सुटलं की ते त्याच्या पाठीवर थाप मारून 'लग्न मानवलं' म्हणतात. तिनं तेही लिहून घेतलं. मग तिनं विचारलं, "तुम्ही त्यांना विरोध केलात?"

मी म्हणाले, नाही. मी 'हो' म्हणाले.

त्यानंतर आठवड्यानं भाऊजीला बोलावलं. माझ्या क्यूबमधून त्याची खुर्ची दिसायची. तो गेला तसा पाऊण तास आला नाही. आला तेव्हा खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं जॅकेट त्यानं अंगात घातलं आणि चेन वरपर्यंत ओढून घेतली. जूनचे दिवस होते. त्या दिवसापासून तो ऑफिसात जॅकेट घालूनच बसायचा, गाडीतसुद्धा. एसी वाढवायचा, पण जॅकेट काढायचा नाही. मला रोज न्यायचं मात्र त्यानं थांबवलं नाही. बरोबर साडेसातला हॉर्न वाजायचा. टायरची थट्टा बंद झाली.

त्याच्या बायकोचा मला फोन आला. ती रडत होती. "ताई, ह्यांचा वास्तुशांतीतला फोटो टेबलावर ठेवला होता म्हणे. सोवळ्यातला. हा तूच का, म्हणून विचारलं. तीन माणसं बसली होती समोर, एक बाई होती. देवाच्या कामातला फोटो हो तो. कोणी दिला असेल?"

मी म्हणाले, "मला काय माहीत."

मला वाटलं होतं की एकदा मला न्याय मिळाला की हे सगळं सांगता येईल. न्याय असा काही मिळणार आहे, आणि तो मिळाल्यावर कोणाला काही वाटणार नाही, असं मी मनाशी घोकत होते.

जुलैच्या शेवटी कंपनीचं उत्तर आलं. पत्र अगदी नम्र होतं. त्यात लिहिलं होतं की कस्टमरसमोर जाणाऱ्या सर्व पदांसाठी दिसणं आणि प्रवासाची क्षमता यांबाबत एकच माप असेल आणि ते स्त्री-पुरुष सर्वांना सारखं लावलं जाईल. आधीची नेमणूक या मापात न बसल्यानं रद्द करण्यात येत आहे. लीडची जागा डॅलसच्या ऑफिसमधल्या एका बाईला दिली होती. मी तिला नंतर पाहिलं. काडीसारखी होती, आणि कामाला चांगली होती.

मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वकीलबाईला फोन लावला. ती म्हणाली, "त्यांच्या वकिलानं डोकं चालवलं. वजनावर कायदा नाही. माप सारखं केलं की आपली तक्रार संपते." मग म्हणाली, "पण तुमचं एक चांगलं झालं. तक्रार करणाऱ्यावर सूड उगवायला कायद्यानं बंदी आहे. तुम्हाला आता ते कामावरून काढणार नाहीत, त्यांना ते महागात पडेल. तुम्हाला दुसरीकडे कुठेतरी बसवतील."

"आणि माझा सहकारी?"

"त्यानं तक्रार केली होती?"

"नाही. त्यानं काहीच केलं नाही."

"मग त्याला संरक्षण नाही," ती म्हणाली. तिला वाईट वाटल्याचं आवाजात कळत होतं, पण ती खोटं बोलली नाही.

तसंच झालं. मला मॅन्युअल लिहिणाऱ्या विभागात हलवलं. खिडकी नसलेली जागा, काम बिनडोक, ग्रीनकार्डाचा अर्ज जागच्या जागी. टेस्टिंगच्या बाकी आठ जणांना सप्टेंबरअखेर काम संपल्याची पत्रं मिळाली. त्यात भाऊजी होता. लीडची जागा त्याच्याकडे राहिली असती तर तो राहिला असता. डायरेक्टर जागेवरच होते. गणपतीला त्यांचं बोलावणं नेहमीसारखं आलं. मी गेले नाही. नवरा मुलीला घेऊन गेला आणि येताना डब्यात मोदक घेऊन आला. मी ते खाल्ले, चार खाल्ले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन खूप रडले.

भाऊजीला टेक्सासात, फ्रिस्कोला, त्याच्या मेव्हण्याच्या ओळखीनं दुसरी कंपनी मिळाली. ग्रीनकार्ड पुन्हा पहिल्यापासून. घर विकायला काढलं. निघायच्या आदल्या शनिवारी दुपारी आम्ही दोघं मदतीला गेलो. माझा नवरा आणि भाऊजीची बायको वर पुस्तकं भरत होते. मी गॅरेजमध्ये भाऊजीबरोबर खोक्यांना टेप लावत होते. गॅरेजचं दार उघडं होतं, उकडत होतं, आणि त्यानं त्या दिवशी जॅकेट घातलेलं नव्हतं. नुसता बनियन होता. माझी नजर त्याच्या पोटाकडे जाऊ नये म्हणून मी खोक्यावरचा पत्ता वाचत होते.

"वहिनी," तो म्हणाला, "फोटो तुम्ही दिला हे मला त्याच दिवशी कळलं."

मी टेप तोडत होते, ती हाताला चिकटली.

"तिचा भाग कापलेला होता. दुसऱ्या कोणी दिला असता तर आख्खा दिला असता. तिला वाचवायचं तुम्हालाच सुचणार." तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला बरं झालं असतं. "तिला मी सांगितलेलं नाही. तुम्हीपण सांगू नका."

"रोज सकाळी येत होतात मग," मी कसंबसं म्हणाले.

"तुम्ही ऑफिसला कशा जाणार होतात?"

मी म्हणाले, मला माफ करा. तो म्हणाला, "माफ वगैरे राहू द्या, वहिनी. फक्त एकदा विचारायचं होतंत. मीच आलो असतो तुमच्याबरोबर. त्या बाईसमोर उभा राहिलो असतो, म्हणालो असतो, हे बघा, मी हिच्याहून जाड आहे आणि मला हिच्या निम्मंही काम येत नाही, हिला पाठवा. नोकरी माझी तशीही गेलीच असती. पण मी स्वतःच्या पायांनी गेलो असतो."

वरून नवऱ्यानं टेप आहे का म्हणून हाक मारली. भाऊजी टेप घेऊन वर गेला आणि मी गॅरेजमध्ये खोक्यांत एकटी उभी राहिले.

तो खरंच आला असता की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. सगळं उरकल्यावर मोठेपणानं बोलणं सोपं असतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगून पाहिलं. ग्रीनकार्ड २००८ मध्ये हातात आलं तेव्हाही तेच सांगत होते. पण त्याला विचारायचं मला का सुचलं नाही, ते मला पक्कं माहीत आहे. त्याच्या जागी मी असते, आणि तो माझ्या दारात येऊन म्हणाला असता की वहिनी, तुमचं शरीर मला पुरावा म्हणून द्या, तर मी नाही म्हणाले असते.